घरातलं कॉम्प्युटर खातं

आमचे हे कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी कॉम्प्युटरचं बटण कधी दाबलं नाही. ते काम शिपायाचं. निरोप समारंभात कोणीतरी माइकवर म्हणालं, "साहेब, आता घरी मशीन कोण चालू करून देणार?" सगळे खो खो हसले. हेही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत. "एक मशीन स्वतःच्या हातांनी उभं करून दाखवतो या लोकांना," म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग जुन्या धाटणीच्या छोट्या कॉम्प्युटरचं किट आलं. हिरवा बोर्ड, पुड्यांमधले सुटे भाग आणि एक पुस्तिका. सगळं जोडून टीव्हीला लावलं की पडद्यावर अक्षरं उमटणार. ह्यांनी पुडी फोडायच्या आधीच जुन्या सहकाऱ्यांना रविवारी चहाला बोलावलं. बाजारात तुरी!

स्वतःचे हात म्हणजे कोणाचे, ते पहिल्याच बैठकीत कळलं. हो, बैठक घेतली. सोल्डरिंग लेकीकडे, चिपा जावयाकडे, चहा माझ्याकडे. हे स्वतः टेबलाच्या पलीकडे चष्मा लावून बसले. "कामाला हात लावला की कामावर नजर राहत नाही," हे त्यांचं तत्त्व. जावई ह्यांच्याच खात्यातला, त्यामुळे त्याला ते पाठ होतं.

लेकीने सोल्डरिंग छान केलं. मग चिपा. प्रत्येक चिपेला एका टोकाला खाच असते आणि ती बोर्डाच्या डाव्या बाजूला यावी लागते. बोर्ड जावयासमोर होता.

"खाच डावीकडे!" पलीकडून हुकूम आला.

"माझ्या डावीकडे ना, साहेब?"

"माझ्या! इथे प्रमुख कोण आहे?"

जावयाने बोर्डाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि मुकाट्याने सगळ्या चिपा उलट्या बसवल्या. चूक त्याला दिसत होती. पण साहेबांना "नाही" म्हणायची त्या खात्यात पद्धतच नाही, आणि सासऱ्याला म्हणायची तर त्याहून नाही.

रविवारी मंडळी जमली. ह्यांनी आयुष्यातलं पहिलं बटण दाबलं. पडद्यावर काही नाही. बोर्डातून मात्र जळका वास आणि धुराची बारीक रेघ. लेकीने झटकन वायर उपटली. पाहुण्यांच्या ओठांवर तेच समारंभातलं हसू आलं.

जावई सवयीने उठून उभा राहिला. "माझी चूक झाली, साहेब."

"बघा! पोरं लक्षच देत नाहीत," एक पाहुणे ह्यांना सावरून घेत म्हणाले. नुसती मान हलवली असती तरी ह्यांची अब्रू वाचत होती. अशी मान हे जन्मभर हलवत आले होते. मला राग येत होता. आज ह्यांची मान हलली असती, तर मीच चारचौघांत बोलले असते.

ह्यांनी वाकून काळी पडलेली चिप पाहिली.

"बस रे," जावयाला म्हणाले. "चूक माझी आहे. त्याने बरोबर विचारलं होतं, मीच उलटं सांगितलं."

ह्यांची जागा मिळालेले नवे साहेब घाबरून माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

"आता आहे," मी म्हटलं.