दगडांची हलवाहलव

"बघून पाय टाक, दगड आहेत," बाबा म्हणाले.

हॉलमध्ये चार टब, टबांत खारं पाणी, पाण्यात दगड, आणि स्टुलावर चढून दंडापर्यंत हात टाकीत घातलेले बाबा. रविवारची सकाळ. आठवड्याचे सहा दिवस मी डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकीशी बसून लोकांना नंबर वाटते. सातव्या दिवशी स्वतःच्या घरात सरळ चालता यावं, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. पण आमच्या घरात समुद्र आहे. पाच फुटी, काचेचा, चोवीस तास वीज खाणारा. त्याच्यापुढे माझी काय मिजास.

"आता हे सगळं कशाला उपसलंत?"

"नवे मासे यायचेत ना आज. दगड जागच्या जागी ठेवले तर हवालदार त्यांना जगू देणार नाही."

हवालदार म्हणजे बोटाएवढा निळा मासा. तीन वर्षं टाकीत आहे आणि अख्खी टाकी आपल्या नावावर आहे असं त्याचं ठाम मत आहे. मागे आणलेल्या दोन माशांच्या शेपट्या कुरतडून त्याने आठवड्यात त्यांचा निकाल लावला होता.

"दगड हलवले की त्याला स्वतःची जागा ओळखू येत नाही," बाबा सांगत होते. "मग तोही नवा, तेही नवे. भांडायला काही उरत नाही."

पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढलेला माणूस. जगातल्या प्रत्येक भानगडीला कुठेतरी एक झडप असते, ती फिरवली की झालं, असं यांना अजून वाटतं.

मासे कोणाचे हे मी विचारलं नाही. शिवणाच्या बाईंचे. या बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. आता निवृत्त, एकट्या. टाकीच्या मिठाच्या शेवटच्या पोत्यावरून दोघांचं दुकानात भांडण झालं आणि तिथून ओळख. त्यांचं भाड्याचं घर आता मालकाला परत हवं होतं. महिन्यापूर्वी जेवताना बाबांनी सांगितलं की बाईंचे मासे आणि प्रवाळं आपल्याकडे येतील, मग बाईही येतील, आम्ही लग्न करू, तुझी हरकत नसेल तर. मी म्हटलं, "घर तुमचं आहे, मला काय विचारता." हे हो नव्हतं, आणि बाबांना ते नीट कळलं होतं. तेव्हापासून दोघंही मूग गिळून होतो.

निदान चहा तरी करावा म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर चहाचा डबा जागेवर नाही. तिथे मीठ. मिठाच्या जागी काडेपेट्या. ताटं खाली, कुकर वर, चमचे भलत्याच खणात. आई जाऊन चार वर्षं झाली. तिने लावलेला एक डबा मी कधी इकडचा तिकडे केला नव्हता. डोळे मिटून हात घातला तरी साखर हाताला लागायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"स्वयंपाकघरात कोणी हात घातला?"

टाकीतला हात थांबला. "मीच. तू उठायच्या आधी."

"का पण?"

 दोन क्षण मी त्या टबांकडे बघत राहिले, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाबा, मी मासा आहे का?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं? दगड हलवले की हवालदार गप्प, डबे हलवले की पोरगी गप्प?"

"मला वाटलं, चार दिवस तूही शोधशील, बाईही शोधतील..."

"आणि शोधता शोधता मी आईला विसरेन, असंच ना?"

बाबांनी हात बाहेर काढला. कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. "तिला कोण विसरतंय," ते म्हणाले. "मला बोलून काही जमवता येत नाही. हलवाहलव जमते, ती केली."

 मी मान फिरवली, तर उघड्या दारात शिवणाच्या बाई उभ्या. दोन हातांत दोन झाकणाच्या बादल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मासे पोचवते आणि निघते," त्या म्हणाल्या. "माझं मी बघेन. भाच्याकडे एक खोली आहे. हे मात्र तिथे जगायचे नाहीत."

पण मासे टाकून निघता येत नाही, हीच तर कटकट. टाकीतलं पाणी बारीक नळीतून, नळीला गाठ मारून, थेंब थेंब बादलीत सोडायचं, म्हणजे माशांना नव्या पाण्याची सवय होते. दोन तास. घाई केली की मासे दगावतात. त्यामुळे ज्या तिघांना एकमेकांची तोंडं बघायची नव्हती ते दोन तास एका बादलीभोवती बसून राहिले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी उठून फरशी पुसली, दोनदा.

बाईंनी मात्र हात चालू ठेवले. प्रवाळांचे तुकडे औषधाच्या पाण्यात विसळले, जुन्या दातांच्या ब्रशने बुडं साफ केली, पाण्यात न सुटणारा गोंद लावून एकेक दगडावर बसवला. बोटं झरझर चालत होती. "आधी खाली, कमी उजेडात ठेवायचे," त्या म्हणाल्या. "आणि दोघांत वीतभर अंतर. चिकटून ठेवले तर एकमेकांना डंख मारतात." मग लक्षात आलं, हे सगळं त्या मला सांगत होत्या. "जोडीतला लहान तो नर. तो उशिरा खातो. मोठीचं झालं की त्याच्यापुढे वेगळं टाका. यांना सांगून उपयोग नाही, हे एकदाच ओततात."

हे शंभर टक्के खरं होतं. बाबा ताटात वाढतातही तसंच.

दिवे मालवून बाबांनी नारिंगी पट्ट्यांची जोडी टाकीत सोडली. हवालदार दोनदा सुसाट गेला, जिथे त्याची कपार होती तिथे, आणि दोनदा रिकाम्या वाळूवरून परत फिरला. मग पंपाच्या मागे जाऊन नुसता उभा राहिला. नव्यांकडे त्याने बघितलंही नाही. त्या आगाऊ माशाची कधी दया येईल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

बाईंनी बादल्या विसळून एकीत एक घातल्या. "निघते. आठवड्याने एकदा फोन केला तर चालेल ना? प्रवाळ उमललं का, एवढंच विचारायला." हेही त्यांनी मलाच विचारलं. बाबा काचेकडे बघत होते. दोन दिवस त्यांनी दाढीही केली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

मला सगळ्यांचा वैताग आला. बाबांचा, बाईंचा, माझा सुद्धा.

"घर कधी सोडायचंय तुम्हाला?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकते. टेम्पो मी ठरवते. बाबांवर सोडलं तर ते तुमचं सामान पाइपातून आणतील. आणि स्वयंपाकघर आपण दोघी मिळून लावू. यांना तिथे पाऊल टाकू द्यायचं नाही."

बाबांनी पाठ वळवली आणि चांगला चाललेला पंप उघडून बघायला घेतला.

बाई परत स्टुलावर बसल्या. 

"टेम्पो कशाला गं," मग त्या म्हणाल्या. "दोन पेट्या आहेत आणि शिवणयंत्र. टाकी तर कालच विकली." बादल्या त्यांनी मांडीवर धरल्या होत्या, आणि बाहेरच्या बादलीचं ओलं बूड कपड्यांना लागतंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.