बारीक केलेला पट्टा

काकांचा गुडघा गेल्या वर्षी कामातून गेला. तेव्हापासून डोंगर मी तुडवते आणि ते जीपमध्ये थर्मास घेऊन बसतात. माझी तक्रार नव्हती. वडील गेल्यावर मला वाढवलं त्यांनी, खडक तपासायची हातोडी धरायला शिकवलं तेही त्यांनीच.

या डोंगरातून बोगदा जायचा होता. ग्रॅनाइट धड असेल तर ठीक, चिरडलेला असेल तर छत खोदणाऱ्यांच्याच डोक्यावर यायचं. म्हणून चिरडलेला पट्टा कुठून कुठवर आहे, ते मी खडकागणिक बघत गेले. आधी गुलाबी दाणे अख्खे. मग ते दाबले जाऊन डोळ्यांसारखे लांबट होतात. मधोमध तर खडकाचे नुसते पापुद्रे. काकांची शिकवण पक्की होती: दाण्याचा डोळा झाला की खडक बिघडला, तिथूनच पट्टा धरायचा. तसा धरला, तर तो चांगला ऐसपैस निघाला.

सोमवारी ऑफिसात भिंतीवर माझ्या नोंदींवरून काढलेला रंगीत नकाशा पाहिला. माझा पट्टा बारीक झाला होता. फक्त पापुद्र्यांपुरता.

"काका, हे कोणी केलं?"

"मीच. डोळे दिसतात तिथवर ग्रॅनाइटच म्हणायचा. एवढं काटेकोर राहून चालत नाही, बाळा."

"तुम्हीच शिकवलंत."

"शिकवणं वेगळं. बोगद्याचा मार्ग बदलायला लावला, तर पुढचं काम आपल्याला कोण देईल?" खुर्चीतून त्यांनी नकाशाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि बघ तरी, या वेळी तुझं नाव टाकलंय. तुझा बाप असता तर खूश झाला असता."

बाबांना मध्ये आणलं, तिथे माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात माझं नाव होतं, ठळक. आजवर प्रत्येक नकाशावर काकांचं नाव सगळ्यांत वर असायचं. इथे ते कुठेच नव्हतं; छत कोसळलं तर दोष माझ्याच माथी.

मी पेन्सिल घेतली आणि पट्ट्याच्या कडा पुन्हा मूळ जागी ओढल्या. तेवढ्यात बोगद्याचा इंजिनिअर आत आला आणि नकाशापाशी थबकला.

"पोरगी नवीन आहे," काका हसत त्याला म्हणाले. "चुकते अजून."

नकाशापेक्षा हे जास्त लागलं.

"डोंगरावर चला," मी इंजिनिअरला म्हटलं, "खडकच दाखवते."

काका गुडघा धरून उठायला लागले. उठताना त्यांना नेहमी मीच हात द्यायचे. आज दिला नाही.