न्हावऱ्यातलं बंद युनिट

सुलक्षणा मूळची दौंडची, पुण्यात पीएचडी करत होती. कायदा, रीत आणि लोकांच्या मनातल्या समजुती नव्या धंद्याला कशा उभं करतात किंवा अडवतात, हा तिचा विषय. त्यासाठीच ती न्हावऱ्याला अंकिताकडे आली. अंकितानं कुरकुंभच्या कंपनीतली नोकरी सोडून कांदा वाळवायचं युनिट घातलं होतं. परवाना मिळाला होता, वीज आली होती, मशीन बसलं होतं. तरी सगळं बंद.

"अडलंय कुठं?" सुलक्षणानं विचारलं.

"कुठंच न्हाई, ताई." अंकिता ओढणीनं मशीनवरची धूळ पुसत म्हणाली. "कामाला यायला बायका तयार हायेत. पण म्हणत्यात, आधी आबांचा शब्द येऊ द्या."

"आबा नको म्हणाले?"

"त्यांला कुणी इचारलंच न्हाई. कसं इचारायचं?"

रखमाजी आबा म्हणजे अंकिताचे चुलत सासरे, भावकीत सगळ्यांत वडील. सुलक्षणा थेट त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली.

"म्या कशाला आडवू?" आबा चकित झाले. "मला वाटलं, सरकारातनंच काय तरी राहिलंय."

"ती तुमच्या शब्दासाठी थांबलीय, आबा."

"माझ्या? मला तर कुणी बोललं न्हाई. न इचारता म्या शब्द कसा देऊ?"

सुलक्षणा गोंधळून परतली. नियम आड येत नव्हता, माणूस आड येत नव्हता. मग दाराला कुलूप कुणाचं?

आठवडाभरानं अंकिताचा फोन आला. "ताई, सुरू झालं! बायका आल्यात!"

"आबा बोलले का?"

"न्हाई हो. तुम्हाला त्यांच्या ओसरीवर बसलेलं सगळ्यांनी बघितलं. गावात बोलणं झालं, पुण्याच्या मॅडम येऊन गेल्या, म्हंजी वरनं पास झालंय."

"अगं, मी साधी विद्यार्थिनी! सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं की. बायका हसल्या. म्हणाल्या, मोठी माणसं असंच बोलत्यात."

सुलक्षणा दुसऱ्याच दिवशी न्हावऱ्यात उतरली. शेडमध्ये बायका कांदा चिरत होत्या, डोळे पुसत हसत होत्या. दारात खुर्ची टाकून आबा बसलेले.

"बरं केलं," ते म्हणाले, "तुम्ही परवानगी दिली."

"मी नाही दिली, आबा. ती तर तुमच्याकडून यायची होती."

"म्या बी न्हाई दिली."

आनंद व्हावा की आपल्याच येण्यानं अभ्यास बिघडला म्हणून वाईट वाटावं, हे सुलक्षणाला कळेना. आतून अंकितानं हाक मारली, "ताई, आबा, चहा झालाय, या!"

आधी आत कुणी जायचं, यावर ते दोघं उगाच थोडा वेळ अडले.