दारापाशी दुसरा माणूस

बाबांच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या दुकानात बसल्यावर तिने आधी हात घातला तो त्यांच्या स्क्रिप्टला. तक्रार आली की योग्य माणसाच्या फोनवर संदेश धाडणारा तो छोटासा प्रोग्राम बाबांनी उतारवयात, चुकतमाकत, स्वतः लिहिला होता. आत एक ‘स्विच’, म्हणजे तक्रारीप्रमाणे वाट ठरवणारी यादी. मोटरची तक्रार असेल तर हे कर, दाराची असेल तर ते. अशा प्रत्येक पर्यायाच्या, म्हणजे केसच्या, शेवटी ‘ब्रेक’ हा शब्द. म्हणजे काम झालं, इथेच थांब. तो नसला तर प्रोग्राम खालच्या केसचं कामही उरकूनच पुढे जातो.

‘माणूस अडकला’ या केसखाली ब्रेक नव्हता.

“बाबा, एवढं कसं विसरलात?” ती पुटपुटली आणि तिने ब्रेक टाकला. खालच्या ‘दार’ या केसमध्ये बाबांचा नंबर होता. तिथे तिने आपला घातला. त्याला मात्र जरा वेळ लागला.

समोर मामा बसले होते. त्यांनी दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईक आणलं होतं. “संध्याकाळी त्यांना काय ते सांगायचंय. तुझा संगणक वेगळा, लिफ्ट वेगळी. येरागबाळ्याचं काम नव्हे हे.”

“संध्याकाळ होऊ तर द्या, मामा.”

दुपारी फोन वाजला. पानाकाका. बाबांचे जुने मेकॅनिक. जेवतानाही हातातला पाना सुटत नाही म्हणून हे नाव.

“अगं, मी वर मोटरपाशी पोचलो. खाली दाराशी कोण आहे?”

“कुठल्या दाराशी?”

“घ्या! आजीबाई अडकल्यात मधल्यामध्ये. तुला मेसेज नाही आला? तुझा बाप एव्हाना गप्पा मारत बसला असता.”

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकाने वर मोटर हाताने फिरवायची. दुसऱ्याने दाराशी राहून लिफ्ट मजल्याला लागली की सांगायचं, आणि आतल्या माणसाचा धीर सुटू द्यायचा नाही. म्हणूनच तिथे ब्रेक नव्हता: संदेश आधी पानाकाकांना, मग खालच्या ‘दार’ केसमधून बाबांनाही जायचा. लहानपणी बॅटरी धरून ती कितीदा बाबांशेजारी उभी राहिली होती. दाराची चावी कुठे असते ते तिला विचारावं लागलं नाही; ती घेऊन ती धावत त्या इमारतीत, अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी पोचली.

“आजी, ऐकू येतंय का? मी लिफ्टवाल्यांची मुलगी.”

“आणि ते कुठायत? मागच्या खेपेला दार उघडेपर्यंत भांडले माझ्याशी, चहात साखर किती घालावी यावरून.”

“ते गेले, आजी. गेल्या महिन्यात.”



“मग तू किती घालतेस?”

“अजिबात नाही.”

“अगं बाई! तेही हेच म्हणायचे. साखरेवाचून चहा म्हणजे काढाच की गं तो!”

“काका, अजून जरासं,” तिने वर हाक दिली. “सावकाश… बास!”

दार सरकलं. तिने हात पुढे केला. आजीबाई तो धरून बाहेर आल्या आणि बराच वेळ सोडायला विसरल्या.

दुकानात येऊन तिने ब्रेक खोडला आणि तिथे एक ओळ लिहिली: ‘इथे ब्रेक नाही. मुद्दाम.’

“काय केलंस ते?” मामा वाकून बघत म्हणाले.

“या कामाला दोघं लागतात.”

“बरं. आणि त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?”

“सांगा, लिफ्ट बिघडली की फोन करा म्हणावं.”