पाचगावच्या अलीकडे बंद पडणारी गाडी

नंदनवन वस्तीत माझं गॅरेज हाय, तीस वर्षं झाली. चंद्रभान मिस्त्री नुसत्या आवाजावरून गाडीचा आजार ओळखते, असं मी स्वतःच सगळ्याईले सांगत राहतो. म्हणून ही गोष्टही मीच सांगितलेली बरी. दुसरा सांगन तर मीठमसाला लावन.

बाबारावजी माझे जुने गिऱ्हाईक. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, अन् त्याईची मारुती तेवीस वर्षांची. एसी नाही, पण ठणठणीत. दर रविवारी दोघं नवराबायको उमरेडले जाते. तिथं पुष्पलता वहिनीची मोठी बहीण, भारतीबाई, एकटीच राहते. वहिनीचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवत नाही. गाडी हाय तोवर बहिणीची भेट हाय, एवढं सरळ.

एप्रिल लागला अन् गाडी रुसली. गावात गुमान चाले. उमरेड रोडले लागली, की गरमीचा काटा वर चढत जाये, अन् पाचगावच्या अलीकडे इंजिन गप. अर्धा तास उभी ठेवा, पुन्हा चालू. असे तीन रविवार गेले. तिसऱ्या खेपेले दोघं बाभळीखाली दीड तास बसून होते, तवाच पुण्याहून त्याईच्या पोराचा, मोहितचा फोन आला.

"बाबा, बस झालं आता. मागच्या साली तुम्हाले ऊन लागलं होतं, विसरले का? मी भंगारवाल्याशी बोललो."

बाबारावजी जिद्दीचे. त्याईनं शब्द दिला, की येत्या रविवारी गाडी बंद पडली तर सोमवारी मीच चाबी देईन.

शनिवारी सकाळीच गाडी माझ्या दारात. बाबारावजीचा चेहरा असा, जशी पोरगी दवाखान्यात आणली.

"चंद्रभान, हेड गॅस्केट तर नाही गेलं ना गा?"

"तुम्ही मिस्त्री का मी मिस्त्री? तिकडं स्टुलावर बसा!"

खरं सांगतो, राग माझा माझ्यावरच होता. थर्मोस्टॅट मी बदलला होता, रेडिएटरचं झाकण बदललं होतं. पाणी बरोबर, पंखा फिरून राहिला. झाकण उघडून इंजिन चालू केलं, तर पाण्यात बुडबुडे नाही, म्हणजे गॅस्केटही साबूत. उभ्या उभ्या गाडी तापतच नव्हती अन् रस्त्यावर नेली की पेटे. आता का करा, बाप्पा?

मंग मले माझ्या उस्तादाची एक जुनी युक्ती आठवली. पंखा चालू असला की समोरून हवा आत ओढते. तवा गाडीच्या तोंडावरच्या जाळीले कागद लावून पाहायचा, चिपकला तर हवा हाय. मी पेपरचं एक पान लावलं. पान खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. पंखा भर्रर्र फिरून राहिला अन् हवा नावाले नाही. गाडीले श्वासच घेता येत नव्हता!

टॉर्च लावून पाहिलं. जाळीच्या आतून काळं कापड बांधलेलं. लोकं किडे अडवाले बांधते तसं वाटे मले, माझी नजर त्याच्यावरून तीनदा गेली होती. आज बोटानं दाबून पाहिलं, तर आत वाळ्याच्या सुगंधी मुळ्यांचा जाडजूड थर. कापडात शिवलेली कूलरची ताटी! रोडची धूळ पिऊन शिळ्या भाकरीसारखी कडक झालेली.

"कोणत्या गधड्यानं हे इथं बांधलं?" मी ओरडलो. "गाडी हाय का कूलर?"

बाबारावजी वाकले. कापडाच्या कडेनं बारीक बारीक गाठी होत्या, त्यावर त्याईनं बोट फिरवलं.

"गधड्यानं नाही गा. ही पुष्पाची गाठ हाय."

वहिनीचं माहेर उमरेडचं, घरात हातमाग. आठ वर्षांची असल्यापासून वहिनी मागावरचे तुटलेले धागे जोडत आली. ती गाठ ओढली की अजूनच आवळते.

"रोज सकाळी लोटाभर पाणी घेऊन गाडीच्या तोंडावर मारे," बाबारावजी म्हणाले. "मले वाटे, पूजा करून राहिली. अन् गाडीत वाळ्याचा वास येई, तर मले वाटे, म्हातारपणी नाक भ्रमलं."

मी ब्लेड काढलं. त्याईनं माझा हात धरला.

"कापू नको. अन् तिले सांगूही नको. थर्मोस्टॅटच खराब होता म्हण."

"अन् वहिनीनं दुसरी बांधली तवा?"

"तवाचं तवा पाहू."

अन् हा सत्तर वर्षांचा माणूस उकिडवा बसून नखानं गाठी सोडवाले लागला. पंधरा मिनिटं झाली, एक गाठ सुटली नाही. तेवढ्यात ऑटो थांबला. वहिनी उतरल्या, हातातल्या थैलीत नवी कोरी ताटी. त्याईनं नवऱ्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, मले पाहिलं. मी खरं ते सांगून टाकलं, का ताटीनं हवाच अडून राहिली होती.

"म्हणजे, माझ्यामुळंच बंद पडत होती का गाडी?" वहिनीचा आवाज फाटला. "तुम्हाले त्या उन्हात मीच बसवलं?"

"नाही वं, तसं नाही..."

"मले वाटलं, कूलरसारखी गार हवा येईन आत. मागच्या साली तुम्ही पलंगावर पडले, तवा माझा जीव कसा झाला होता, तुम्हाले का माहीत?"

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही हसले असते."

"हसलोच असतो," बाबारावजीनं कबूल केलं.

वहिनीनं पदरानं डोळे पुसले. "सरका तिकडं." त्याईनं गाठ ओढली नाही, दोन्हीकडून उलटी आत ढकलली, अन् ती सुटली. आठही गाठी दोन मिनिटांत. नवी ताटी मी पाणी मारून वहिनीले बाबारावजीच्या सीटमागच्या खिडकीले बांधाले लावली. म्हणलं, "वहिनी, ताटी चांगलीच हाय, जागा तेवढी चुकली."

उद्याचा भरवसा कोणालेच नव्हता, म्हणून लगेच ट्रायलले निघालो. रस्त्यात दिघोरी गेलं. ती बाभूळ आली अन् मागंही गेली. काटा अर्ध्यावर गुमान बसलेला, अन् ओल्या वाळ्याचा वास. पाचगावच्या पुढं बाबारावजीनं गाडी बाजूले घेतली अन् मी पहिले काटा पाहिला.

"का झालं?"

"काही नाही गा. फोन करतो." त्याईनं मोहितले फोन लावला. "भंगारवाल्याले नाही म्हण. गाडी पाचगावच्या पुढं उभी हाय, इंजिन चालू हाय. ऐक."

"पण बाबा, खराबी होती तरी कशात?"

बाबारावजीनं आरशात वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मान खाली घातली.

"खराबी नव्हती बाबू. तुझ्या आईनं माझ्यासाठी काही बांधून ठेवलं होतं. रोज डोळ्यासमोर होतं, मीच पाहिलं नाही."

बाबारावजीनं फोन खिशात टाकला. मंग मागून वहिनी म्हणाल्या, "आता इथवर आलोच, तर चला ना उमरेडले. भारतीताई खूश होईन."

"अन् गॅरेज?" मी म्हणलो. "अन् हे माझे कपडे?"

बाबारावजीनं गिअर टाकला होता.