बॅटरी लागते तेवढीच अक्का

बॅटरी विझली की माझी थोरली बहीण नसायची, लागली की तिच्या उजेडात असायची. हे आमच्याकडे दिवाळीपासून चालू होतं आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. सकाळी उठायचं, एलईडीची बॅटरी ओट्याकडे रोखायची, बटण दाबायचं. अक्का ओट्यापाशी उभी असायची आणि भाकऱ्या थापायला लागायची. मी बॅटरी धरून उभी राहायची. हाताला रग लागायची, पण मी कधी बोलून दाखवलं नाही.

मग बॅटरी लुकलुकायला लागली.

त्या सकाळी अक्काच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती. उजेड गेला आणि भाकरी ओट्यावर पडली. उजेड आला तेव्हा अक्का होती, पण तिचे हात स्वच्छ धुतलेले होते. पुन्हा गेला, पुन्हा आला. आता तिच्या केसांत अबोलीचा गजरा होता.

"नको हो, दुसरा कप नको," ती म्हणत होती. मला पाहून गप्प झाली.

"कुणाशी बोलतेस?"

"तुझ्याशी नाही."

"तव्यावरची करपतेय."

"मग उलथ की तू," अक्का म्हणाली आणि विझली.

मला संताप आला. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. अक्काने शाळा सोडून मला वाढवलं, आलेली स्थळं परत पाठवली, मी पोस्टात लागले तेव्हा माझा डबा भरला आणि मी रिटायर झाले तरी सवयीने भरत राहिली. असं माणूस एक दिवस केसांत गजरा घालून येतं आणि कुणाच्या तरी घरचा दुसरा कप नको म्हणतं! पहिला प्यायली होती, याचा अर्थ. आमच्याकडे ती चहा घेत नाही. आवडत नाही, असं तिनेच मला सांगितलं होतं.

मी चपला घालून तडक शिवगोंडाच्या दुकानात गेले. जयसिंगपुरात बॅटऱ्या, मिक्सर, इस्त्र्या त्याच्याकडेच दुरुस्त होतात. त्याने सेल काढले, नवे घातले आणि बॅटरी भिंतीवर मारली. उजेड हलला नाही.

"ओके आहे की," तो म्हणाला.

"स्टुलावर मारा."

त्याने स्टुलावर मारली. अक्का स्टुलावर बसली होती आणि हसत होती. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून हसत होती. उजेड गेला, आला, गेला, आला. दर वेळी ती हसण्याच्या पुढच्या टप्प्यावर होती. शेवटी तिने डोळे पुसले.

शिवगोंडाने बॅटरी बंद केली. "ताई, बॅटरीला काही झालेलं नाही. बाई लूज आहेत."

"म्हणजे काय?"

"कॉन्टॅक्ट धरत नाहीत."

"इतके महिने धरला की!"

"जुना माल असला की होतं असं. माणूस बदलून बघा."

मी म्हटलं, ही बॅटरी तुमच्याच दुकानातली आहे आणि वॉरंटीत आहे. तो म्हणाला, वॉरंटी बॅटरीची असते, तिच्या उजेडात काय दिसतं त्याची नसते. हे त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पंखा उघडत सांगितलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंख्यावाले गृहस्थ मला म्हणाले, "आम्ही आमच्या सासऱ्यांना इन्व्हर्टरवर घेतलंय. काही त्रास नाही." जसं काही मी विचारलं होतं.

घरी आले आणि बॅटरी स्वतःच उघडली. मागच्या झाकणातल्या स्प्रिंगच्या टोकावर काळं धरलं होतं. काचकागदाने घासलं, स्प्रिंग जरा ओढून लांब केली, नळीची कड कापडाने पुसली आणि झाकण घट्ट फिरवून बसवलं. लुकलुक कमी झाली. झाकण फिरवलं तशी घराची मागची भिंत एक पाऊल पुढे सरकली.

खिडकीबाहेरून शेजारच्या चौगुलेवहिनींनी हाक मारली. "कुंदाताई, तुमची भिंत आमच्यापासून लांब गेली की हो. मधे बोळ झालाय."

"बरं मग?"

"मी तिथे दोरी बांधू? कपडे वाळवायला?"

बांधलीच होती त्यांनी. जागा आमची, पण तिथे चादरी त्यांच्या.

मी अक्काला पलंगावर बसवलं, म्हणजे बॅटरी पलंगावर मारली. उजेड अजून मधूनच दचकत होता. मी झाकण आणखी फिरवलं. कपाटाचं दार उघडेनासं झालं. आणखी फिरवलं. स्वयंपाकघर माजघरात आलं आणि पलंगाच्या पायथ्याशी गॅसची शेगडी आली.

"कुंदा, सैल सोड जरा," अक्का म्हणाली.

"सोडलं की तू जाशील."

"जाईन आणि येईन. कधी आले नाही असं झालंय का?"

"येतेस तेव्हा भलत्याच कुणाची तरी होऊन येतेस."

उजेड गेला. आला तेव्हा तिच्या मांडीवर एक मूल झोपलं होतं. वर्षाचंही नसेल. पायात काळा दोरा होता आणि तोंड उघडं होतं. अक्का हलक्या हाताने त्याला थोपटत होती. त्या थोपटण्याला एक लय होती आणि ती लय मला माझ्या पाठीवर ओळखू आली. मी ओरडणार होते, पण मूल जागं होईल म्हणून ओरडले नाही. याचाही मला राग आला.

उजेड गेला, आला. मूल नव्हतं. अक्काच्या लुगड्यावर त्याच्या लाळेचा ओला डाग होता.

"ते कुणाचं?"

"तुला सांगून काय उपयोग? तू बॅटरी खाली ठेवणारेस का?"

"मला तुझ्याशिवाय कोण आहे?" मी म्हटलं. मला ते भांडल्यासारखं म्हणायचं होतं. ते तसं निघालं नाही.

अक्काने सरकून पलंगावर जागा केली. "ये, बस," ती म्हणाली. "उभ्याने पाय दुखतील तुझे."

मी बसले, पण झाकण सोडलं नाही. आता ते माझ्या मुठीत मावत नव्हतं. मागच्या भिंतीएवढं झालं होतं, किंवा मागची भिंतच ते झाली होती. नीट जोर लावता यावा म्हणून मी अक्काकडे पाठ केली, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी फिरवू लागले. छत खाली आलं आणि कडेने वळून जमिनीला मिळालं. शेगडी कुठे गेली कळलं नाही. चौगुलेवहिनींच्या चादरी दूर कुठेतरी फडफडत होत्या. घर बॅटरीच्या नळीसारखं गोल झालं, लांबट झालं, आम्हा दोघींच्या अंगाबरोबर झालं. अक्काची पाठ माझ्या पाठीला टेकली. माझ्या छातीला समोरून स्प्रिंग लागली, गार आणि कडक. मी शेवटचा आटा फिरवला.

उजेड गेला.

अक्का गेली नाही. तिचा श्वास माझ्या पाठीत लागत होता, आत, बाहेर, आत. दिवाळीनंतर उजेड नसताना पहिल्यांदाच ती माझ्याजवळ होती. मी वाट पाहिली. तरी ती गेली नाही.

"बघ," मी म्हटलं. "झाली की नाही दुरुस्त?"

"कुंदा," अक्का अंधारातून म्हणाली, "तू उलटी बसलीयस."

"मी बरोबर बसलेय. तू वळ."

"मला वळता येत नाही."

मीही प्रयत्न केला. खांदा हलेना. मी तिला सांगणार होते की चूक तिची आहे, तेवढ्यात आमच्या डोक्यावर कुणीतरी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा. बाहेर कुणीतरी वैतागून काहीतरी म्हणालं आणि मग आम्हांला तळहातावर आपटायला लागलं.