गमबुटांचे ब्लॉकेज

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर नितळबाबा उभे होते आणि त्यांच्यासमोर, खुर्चीवर बसलेल्या एका निवृत्त कारकुनाचे पाय मिठाच्या पाण्याच्या टबात होते. बाबांनी टबाला जोडलेल्या यंत्राचं बटण दाबलं, डोळे मिटले, आणि बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग थेट चहाच्या चोथ्यासारखं. कारकुनाला भरून आलं. एवढी घाण आपल्या आत होती याचा त्याला थोडा अभिमानही वाटत असावा.

"बघा, हृदयातला मैला!" बाबा गरजले. "नळी तुंबली की तुम्ही काय करता? नळाला रोज गोळी चारता? मैला काढता, मोकळे होता!"

तिसऱ्या रांगेतल्या प्लंबरनं जोरात मान डोलावली. हा माणूस आपल्या धंद्याची भाषा बोलतो, यातच त्याचा जीव रमला होता. त्याचा थोरला भाऊ दुसऱ्याच्या बेसिनखाली पाइप जोडता जोडता हृदय बंद पडून गेला. प्लंबर आता त्याच वयाचा झाला होता, आणि तो घाबरला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची अशा दोन गोळ्या दिल्या होत्या आणि "कायम घ्यायच्या" म्हणून बजावलं होतं. तो 'कायम'च त्याला डाचला. कुठला कारागीर काम झाल्यावर 'आता कायम येत राहीन' म्हणतो? बाबांच्या टबात एकदा पाय बुडवून झाल्यावर त्यानं उरलेल्या गोळ्या स्वतःच्या हातानं गटारात सोडल्या.

बायकोला हे कळलं तेव्हा तिनं आकांडतांडव केलं नाही. तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. आज त्या दोघी त्याच्या शेजारीच बसल्या होत्या आणि तो मधे चोरासारखा आक्रसला होता.

"बाबा, मोजे काढावे लागतील का हो?" पुढून एका बाईंनी लाजत विचारलं.

"मोज्यांचं काय घेऊन बसलात! माझी शक्ती बुटातूनसुद्धा मैला खेचते!"

डॉक्टरीणबाई तडक उठल्या. प्लंबर कामावरूनच आला होता, त्याचे गमबूट दाराशी होते. ते उचलून त्या व्यासपीठावर चढल्या. कोपऱ्यात स्वच्छ मीठपाण्याचा, तसंच यंत्र जोडलेला दुसरा टब तयार होता. त्यांनी बूट पाण्यानं भरले आणि टबात उभे केले.

"बूट आलेत, बाबा. खेचा."

"अहो, आत पाय नकोत?"

"शक्ती तुमची, मैला हृदयातला. हे बूट तर आजवर गटारातच उभे राहिलेत. काही तरी निघेलच की!"

सभागृह खदखदलं. बाबांचा हात काही बटणाकडे जाईना.

"अहो, तुम्हीच दाबा," बायको नवऱ्याला म्हणाली.

प्लंबर उठला. टबावर वाकला तशी पाण्यात बुडवलेली लोखंडी पट्टी त्याला दिसली. मघाच्या टबातून येणारा वासही ओळखीचा होता. तो वास त्याला पहिल्या दिवशीच आला होता, पण तेव्हा त्याला तो ओळखायचाच नव्हता. त्यानं बटण दाबलं.

पाणी पिवळं झालं. मग तांबूस. मग चोथा.

"डाव्या बुटाचं ब्लॉकेज जास्त दिसतंय!" मागून कुणी तरी ओरडलं.

"गंज आहे हा," प्लंबर हळूच म्हणाला. "मिठाच्या पाण्यात लोखंड घालून वीज सोडली की सुटतोच."

बाबा 'ग्रहमान' वगैरे पुटपुटत पडद्यामागे गेले, ते गेलेच.

"मग आमच्या नळ्यांचं काय?" कारकून रडवेला झाला होता.

"हृदयाच्या नळ्या म्हणजे तुमच्या घरचा पाइप नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चरबी नळीच्या भिंतीच्या आत साठते. ती पायातून ओघळत नाही. पण ती वाढू नये, फुटून तिथं रक्ताची गाठ होऊ नये म्हणून काळजी घेता येते. सिगरेट सोडा, मीठ आणि तळलेलं कमी करा, चाला, रक्तदाब तपासा, आणि दिलेली गोळी घ्या."

"एवढंच?" लोकांचा हिरमोड झाला. यात तांबूस काहीच नव्हतं.

घरी जाताना प्लंबरचा चेहरा उतरला होता. "पण कायम म्हणजे..." तो म्हणाला.

"तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगता?" बायकोनं विचारलं. "पाइप फुटल्यावर नको, आधी बोलवा. ऐकतं का कुणी? भाऊजींना त्या बेसिनखालून आणायला मी गेले होते तुमच्याबरोबर. मला परत तसं जायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी दिलेली नवी पाकिटं तिनं पुढं केली, तेव्हा रस्त्यातच थांबून त्यानं गोळ्या घेतल्या.

आता मोरी मोकळी करता करता तो प्रत्येक घरी एकच गोष्ट सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी पाय बाहेर काढा आणि बटण पुन्हा दाबून बघा.